मदत हवी आहे : घामाच्या शस्त्रक्रियेला होकार द्यावा का?

शरयू : मला लहानपणापासून अतिशय घाम येतो. डॉक्टरांनी दुर्बिणीतून करायची शस्त्रक्रिया सुचवली असून सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे. पथ्य आणि प्राणायाम कृपया सुचवू नयेत, ते सारे करून झाले आहे. शस्त्रक्रियेनंतरचे रोजचे जगणे कसे असते, एवढेच अनुभवी मंडळींनी सांगावे.

भालचंद्र : घाम नेमका कुठे येतो, झोपेतही येतो का आणि आजवर कोणते उपचार झाले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. झोपेतही अंग भिजत असेल, तर आधी थायरॉइड किंवा क्षयरोगासारखी कारणे तपासावी लागतात.

शरयू : हातांना, अर्थातच. झोपेत येत नाही. लिहिताना तळहाताखाली रुमाल ठेवला तरी कागद फुगतो, शाई पसरते आणि फोन बोटाचा ठसा ओळखत नाही. उपचार म्हणून एक औषध लावून पाहिले.

मुक्ता : मी ही शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी करून घेतली. काखेखाली बारीक छेद घेऊन, त्या बाजूचे फुप्फुस थोडा वेळ आकसवून, बरगड्यांलगतची, घामाचा संदेश नेणाऱ्या सिम्पथेटिक मज्जातंतूंची साखळी कापतात किंवा तिच्यावर क्लिप लावतात. शुद्धीवर आले तेव्हा हात कोरडे आणि उबदार होते, आणि बहिणीचा हात न कचरता हातात घेताना मला रडू फुटले. मात्र महिन्याभरात पाठ, पोट आणि मांड्यांना घाम सुटू लागला. आता मी दुपारी कपडे बदलते आणि खुर्चीवरून उठताना बैठक आधी हाताने चाचपून पाहते. तरीही मला पश्चात्ताप नाही.

निशिकांत : आपल्याला सोसले म्हणून दुसऱ्याला सोसेल असे नाही. हातांचा थांबल्यावर दुसरीकडे सुटणारा हा भरपाईचा घाम कोणाला किती येईल हे आधी सांगता येत नाही, आणि क्लिप काढली तरी सारे पूर्ववत होईलच याची खात्री नसते. माझ्या मुलाला आयन्टोफोरेसिसने गुण आला : पाण्यात हात बुडवून सौम्य वीजप्रवाह सोडायचा, सुरुवातीला आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 20 मिनिटे.

मुक्ता : मी आग्रह केलेला नाही. ते यंत्र मीही वापरले. चार दिवस खंड पडला की घाम परत येत असे.

रमाकांत : काखेतील घामासाठी बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने उत्तम. काही महिने निश्चिंती मिळते.

भालचंद्र : प्रश्न काखेचा नाही. शरयूताई, ते औषध अॅल्युमिनियम क्लोराइडचे होते का, आणि रात्री पूर्ण कोरड्या हातांना लावून सकाळी धुवत होता का? साखळी कोणत्या बरगडीच्या पातळीवर कापणार, हेही डॉक्टरांना विचारावे, कारण फार वर इजा झाल्यास त्या बाजूची पापणी कायमची झुकू शकते.

शरयू : तेच औषध होते, पण मी ते दिवसा, ओलसर हातांनाच लावत होते. रात्री लावायचे हे मला कोणी सांगितलेच नाही! सोमवारी होकार न देता मुदत मागते. एक लिहायचे राहिले : तळपायांनाही तितकाच घाम येतो. तोही या शस्त्रक्रियेने थांबतो का?

मुक्ता : त्याचा भरवसा धरू नये. माझ्या चपला अजूनही ओल्याच होतात.