शिन जिआची दोन वर्षं: सतराची अट बरोबर की अन्याय?

स्पिनवेडी:
फिगर स्केटिंगमधली कोरियाची शिन जिआ २०२५-२६च्या सीझनला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सीनियरमध्ये उतरली आणि मला आनंदापेक्षा राग जास्त येतोय, म्हणून हा धागा. ज्यांनी तिचं नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी: बुसानची मुलगी, जन्म मार्च २००८, ज्युनियर वर्ल्डला सलग चार रौप्यपदकं (टॅलिन २०२२, कॅल्गरी २०२३, तैपेई २०२४, डेब्रेत्सेन २०२५). टॅलिनला सोनं फक्त ०.५४ गुणांनी हुकलं आणि तरी ते किम युनाच्या २००६ च्या सोन्यानंतर कोरियन मुलीचं त्या स्पर्धेतलं पहिलं पदक होतं. २०२३ला, चौदा वर्षांची असताना, देशातल्या झाडून सगळ्या सीनियरना मागे टाकून राष्ट्रीय विजेती झाली, २०२४ला परत झाली. आणि सीनियर वर्ल्डला कोण गेलं? बाकीच्या! कारण वय. आधी सीझनच्या १ जुलैपूर्वी पंधरा पूर्ण असले की चालायचं, आयएसयूने (जागतिक स्केटिंग संघटना) जून २०२२ मध्ये फुकेतच्या काँग्रेसमध्ये ती अट आधी सोळा आणि मग सतरा केली. जुन्या नियमाने ती २०२४चं माँट्रियलचं आणि २०२५चं बॉस्टनचं सीनियर वर्ल्ड खेळू शकली असती. माँट्रियलला किम चे-यॉनला ब्राँझ मिळालं, चे-यॉन मला मनापासून आवडते, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण त्याच सीझनच्या नॅशनल्सला जिआ तिच्या वर होती हो. देशातली एक नंबरची मुलगी घरी, हा कुठला न्याय?

फिजिओताई मिरज:
अजिबात पटलं नाही. मी रोज वाढत्या वयाच्या मुलामुलींचे गुडघे आणि घोटे बघते, त्यात रोलर स्केटिंगवाल्याही असतात, त्यामुळे मला हे लांबचं वाटत नाही. जंप संपताना सगळा भार एका पायावर, तोही मागे जाता जाता, चारेक मिलिमीटर जाडीच्या पात्यावर, आणि हे दिवसभरात कितीतरी वेळा. हाडं अजून वाढतायत त्या वयात. आणि २०२२चं बीजिंग ऑलिंपिक विसरलात का? रशियाची वालिएवा पंधरा वर्षांची होती. डोपिंगमध्ये ट्रायमेटाझिडिन सापडलं, हृदयरोग्यांना देतात ते औषध, अख्ख्या जगाचे कॅमेरे त्या पोरीवर, शॉर्टनंतर (छोटा प्रोग्रॅम) पहिली होती ती फ्रीमध्ये (मोठा प्रोग्रॅम) पडत झडत एकूण चौथी आली, आणि बर्फावरून बाहेर आल्यावर कोचने जवळ घ्यायचं सोडून विचारलं की तू लढणं का सोडलंस. मी ते लाइव्ह बघत होते, मला झोप लागली नाही. त्यानंतर चार महिन्यांत १०० विरुद्ध १६ मतांनी हा नियम झाला. जिआची दोन वर्षं गेली हे खरं, पण त्यासाठी नियमच चुकीचा म्हणणं मला मान्य नाही.

कोल्हापूरचा नितीन:
दोन नाही तीन वर्ल्ड गेली तिची. २०२३ची नॅशनल चॅम्पियन होती ना, मग २०२३च्या सैतामा वर्ल्डला पण गेली असती.

आकडेमोड:
नाही नितीनभाऊ. सैतामाच्या सीझनला म्हणजे १ जुलै २०२२ला ती चौदाची होती, जुन्या नियमातही बसत नव्हती. दोनच. पण मला दुसरंच सांगायचंय, जे या वादात कोणी बोलत नाही. ज्युनियर वर्ल्डला शेवटच्या तिन्ही वेळा जिआच्या वर कोण होतं? जपानची माओ शिमादा. तिचा जन्म ३० ऑक्टोबर २००८. फेब्रुवारी २०२६ च्या मिलान ऑलिंपिकसाठी १ जुलै २०२५ला सतरा पूर्ण हवे होते, म्हणजे शिमादा चार महिन्यांनी बाहेर आणि जिआ आत. जुना नियम असता तर दोघी पात्र असत्या. ज्या नियमाने जिआची दोन वर्ल्ड घेतली त्याच नियमाने तिला सतत हरवणारी मुलगी ऑलिंपिकमधून बाजूला केली. मग नुकसान कोणाचं जास्त झालं ते सांगा.

स्पिनवेडी:
हिशोब बरोबर आहे, पण असा फायदा मला जिआसाठी नकोच आहे. शिमादा समोर असताना जिंकलेली बघायचीय. तैपेईला शॉर्टनंतर जिआ पुढे होती, ७३.४८ विरुद्ध ७२.६०, ते बघताना काय वाटलं होतं ते शब्दात सांगता येत नाही. एका नियमाने दोन मुलींचं नुकसान झालं असेल तर तो दुप्पट वाईट झाला ना, बरोबर कसा होईल?

रिंकसाइड:
तैपेईचं पूर्ण सांगा की. शेवटी २१८.३६ विरुद्ध २१२.४३, शिमादा जिंकली. शॉर्टमध्ये मुलींना क्वाड (हवेत चार फेऱ्यांची जंप) चालतच नाही म्हणून तिथे जिआ बरोबरीने भिडते, फ्रीमध्ये शिमादाकडे ट्रिपल अ‍ॅक्सल (साडेतीन फेऱ्यांची जंप) ८ गुणांचा आणि क्वाड टो-लूप ९.५चा. जिआची मोठी जंप ट्रिपल लुट्झ, ती ५.९. म्हणजे नुसत्या बेस व्हॅल्यूतच (जंपचे ठरलेले मूळ गुण) केवढी तफावत पडते बघा. जिआच्या एज (पात्याच्या कडेवरचं स्केटिंग), तिचं जंपमध्ये जाणं, स्पिनमधली पोझिशन, याला तोड नाही, मी कितीदा रिवाइंड करून बघतो, पण कॅल्गरीला वीसहून जास्त गुणांनी हरली ती वयाच्या अटीमुळे नव्हे. तो प्रश्न कंटेंटचा, म्हणजे जंपा किती अवघड त्याचा आहे. कोरियात यू यंगने ट्रिपल अ‍ॅक्सल केला होता की, अशक्य नाही ते.

युनाची पंखा:
मला एवढंच म्हणायचंय की थांबावं लागलं म्हणून करिअर बुडत नाही. किम युनाचा जन्म सप्टेंबर १९९०चा, त्यामुळे २००६चं तोरिनो ऑलिंपिक वयामुळे हुकलं. जपानच्या माओ असादाचंही तेच, ती तर त्याच सीझनला ग्रां प्री फायनल जिंकलेली. तेव्हाही जपानमध्ये केवढा आरडाओरडा झाला होता. पुढे चार वर्षांनी व्हँकुव्हरला युना २२८.५६ गुणांनी सोनं घेऊन गेली आणि असादा रौप्य. कोरियाचाच चा जून-ह्वान बघा, प्योंगचांग ऑलिंपिकला पंधरावा, बीजिंगला पाचवा, २०२३ला वर्ल्डचं रौप्य. जपानच्या साकामोतोने ओळीने तीन वर्ल्ड जिंकली ती विशी ओलांडल्यावर. जिआला २०२५च्या मार्चमध्ये कुठे सतरा पूर्ण झाली, तिला वेळ आहे.

स्पिनवेडी:
युनाचं उदाहरण सगळे देतात पण युना एकच असते. मुलींचं शरीर सोळा-सतराला बदलतं, जंपचं टायमिंग जातं, कितीतरी जणी तिथेच संपतात. जिआ ज्या वर्षी भरात होती ते वर्ष तिला परत मिळणार नाही. आणि फिजिओताई, तुमच्या गुडघ्यांच्या मुद्द्यावर सांगते, ज्युनियरमध्ये क्वाडला बंदी आहे का? शिमादाने चौदा पूर्ण व्हायच्या आसपासच क्वाड मारायला सुरुवात केली. मग नियमाने नक्की कोणाचा पाय वाचवला? तेच बर्फ, त्याच जंपा, फक्त स्पर्धेचं नाव बदललं.

फिजिओताई मिरज:
हा मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच मी म्हणेन की ज्युनियरच्या फ्रीमध्येही क्वाडवर मर्यादा घाला. अट मागे घेणं हा त्याचा उपाय नाही. ऑलिंपिकचा दबाव, पैसा, जाहिराती, फेडरेशनची घाई, हे ज्युनियरला त्या मानाने कमी असतं आणि सतराच्या मुलीला निदान नाही म्हणता येतं, तेराच्या मुलीला येत नाही.

स्पिनवेडी:
क्वाडच्या मर्यादेला माझाही पाठिंबा. पण ज्या आधीच सीनियर झाल्या होत्या त्यांना आयएसयूने सांभाळून घेतलं, म्हणून तर अट एकेक वर्ष करत चढवली. मग ज्या पुढच्याच वर्षी येणार होत्या, जिआसारख्या, त्यांनाही जुन्या अटीने आत घ्यायचं होतं. नवा नियम २००९ आणि त्यानंतर जन्मलेल्यांपासून लावला असता तर काय बिघडलं असतं?

आकडेमोड:
मग तिथे २००९ची कोणी असती आणि तिच्या नावाने असाच धागा निघाला असता. रेघ कुठेतरी मारावी लागते.

स्पिनवेडी:
मारा ना रेघ. पण तीन वर्षं आधी सांगून मारा. फुकेतला जून २०२२ मध्ये मत झालं तेव्हा तिला पंधरा पूर्ण व्हायला नऊ महिने राहिले होते.