वसई एका दिवसात होते, पण अंबरनाथ वेगळं ठेवा

आईवडिलांना घेऊन ठाण्याहून गाडी आणि गाइड करून एका दिवसात वसई किल्ला आणि अंबरनाथ होईल का, असं वर विचारलंय. वसई आरामात होईल, फक्त सकाळी लवकर निघा; घोडबंदर रोडला उशीर झाला की अर्धा दिवस तिथेच जातो. गाडीवाला म्हणजे गाइड नव्हे, दोघं वेगळे ठरवा. आणि गाइडला चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या मोहिमेवरच थांबू देऊ नका. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतले पोर्तुगीज थडग्यांचे दगड आवर्जून बघा. पायाखाली कोरलेली अक्षरं, वरचं छप्पर गेलेलं. माझ्या मते किल्ल्यातली सगळ्यात बोलकी जागा हीच. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर उलट्या दिशेला आहे, शिवाय गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यासाठी निवांत दुसरा दिवस काढा.