प्रति: नाथसागराकाठी जुनं घर घेऊन दुरुस्त करायचं आहे

"उन्हाळ्यात जागा बघा, रस्ते कोरडे असतात" हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. मे महिन्यात जायकवाडीचं, म्हणजे याच नाथसागराचं, पाणी पार आत सरकतं आणि मधली मोकळी जमीन घराचंच अंगण वाटते. ती गाळपेऱ्याची, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पीक घेतात ती, धरण प्रकल्पासाठी संपादित झालेली. तिथं कुंपणसुद्धा घालू नका! धरण भरल्यावरची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 1522 फूट. ती रेषा कुठून जाते ते मोजणीवाल्याकडून आधी आखून घ्याच.

उन्हाळ्याचा खरा फायदा वेगळा. काळी माती तेव्हा भेगाळते, त्यामुळे पाया हलत असेल तर भिंतीवर दिसतं. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली असेल तर पाया हलतोय, नुसत्या गिलाव्यानं भागणार नाही. माळवद (मातीचं सपाट छप्पर) असेल तर त्याखालचे सरे, म्हणजे लाकडी तुळया, टोचून बघा, वाळवी आतून पोखरते. आणि सातबारा शेतीचा निघाला, तर घेणारा शेतकरी लागतो.