लागाझुओईचं काडतूस उचलायचं का?

रानवाटा:
परवा एकाने इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांतल्या भटकंतीचे फोटो टाकले. शेवटचा फोटो घरच्या शोकेसमधल्या गंजक्या काडतुसाचा. तिथल्या लागाझुओई डोंगराच्या वाटेवर सापडलं, शंभर वर्षं पडूनच होतं, आणलं तर बिघडलं काय, असं वर लिहिलंय. बिघडलं! १९१५ ते १९१७ इटालियन आणि ऑस्ट्रियन सैनिकांनी त्या डोंगरात भुयारं खणली, सुरुंगांनी डोंगराचे लचके तोडले. भुयाराच्या तोंडाशी दिसलेलं काडतूस अंगावर काटा आणतं; शोकेसमध्ये तो धातूचा तुकडा. शिवाय पहिल्या महायुद्धाचे अवशेष जपण्यासाठी इटलीत २००१ पासून कायदा आहे.

घाटमाथा:
बर्फात सडूनच जाणार ना ते? माझ्या मुलाला पुस्तकातून महायुद्ध कळलं नाही, असलाच एक तुकडा हातात घेतल्यावर कळलं.

रानवाटा:
मग मुलाला तिथे न्या. भुयारातून चालता येतं, हेल्मेट आणि बॅटरी घेऊन.

घाटमाथा:
सगळ्यांना युरोप परवडत नाही हो!

मोहोर:
मला मार्मोटबद्दल, म्हणजे तिथल्या खारीच्या कुळातल्या गुबगुबीत प्राण्याबद्दल बोलायचंय. डोलोमाइट्समधल्याच त्रे चिमे शिखरांभोवतीच्या फेरीत एक मराठी कुटुंब त्यांना चिवडा टाकत होतं. तो जीव उन्हाळाभर गवत-पाला खाऊन चरबी साठवतो आणि तिच्यावर सहाएक महिने झोपून काढतो. धोका दिसला की शिट्टी घालून बिळात पळणारा प्राणी माणसाच्या हातातलं खायला येतो, हे मला बघवलं नाही. सांगायला गेले तर, "काकू, तुम्ही तुमचं बघा."

कोकणकडा:
मार्मोट, काडतूस सगळं झालं. त्याच डोंगरांत आपले मराठे लढले, त्यांचं नाव कुणी घेतलं का?

रानवाटा:
तिथे नाही लढले. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीतल्याच टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. नामदेव जाधवांचा पराक्रम ९ एप्रिल १९४५ चा, सेनियो नदीवरचा. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. पण ते दुसरं महायुद्ध, आणि डोलोमाइट्सच्या बरंच दक्षिणेला.

कोकणकडा:
तारखा मला शिकवू नका. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीतून एक पाय अधू होऊन आले. माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे, त्याच्यासमोरून रोज हजार माणसं जातात. किती जण थांबतात? आणि हीच माणसं इटलीला जाऊन दुसऱ्यांच्या भुयारात डोळे पुसणार!

घाटमाथा:
अहो, विषय काय, तुम्ही कुठे पोचलात! आजोबांच्या आडून दुसऱ्यांना बोलू नका.

कोकणकडा:
आजोबांचं नाव काढायचं नाही. सांगून ठेवतो.

रानवाटा:
कोकणकडा, एकच विचारतो. आजोबांच्या गणवेशाचं बटण उद्या सेनियोच्या बांधावर एखाद्या पर्यटकाला सापडलं, तर त्याने घरी न्यावं?

कोकणकडा:
...नाही. हात लावू नये त्याने. पण महायुद्ध चुकलं एवढंच मान्य, बाकी माझं म्हणणं कायम.

घाटमाथा:
कायद्याचं मला माहीत नव्हतं. त्या गृहस्थांना कळवतो, पुढचं त्यांचं ते बघतील.

मोहोर:
आणि चिवड्याचं? त्यावर कुणीच बोललं नाही.