मदत हवी आहे: नवऱ्याला मांजराची ॲलर्जी, पण माऊला कुणाला द्यायचं नाहीये

माऊ चार वर्षांची, नसबंदी झालेली, पूर्णवेळ घरातच. सहा महिन्यांपासून नवऱ्याला शिंका आणि डोळ्यांना खाज. तपासणीत मांजराचीच ॲलर्जी निघाली. दमा नाही, छाती साफ आहे.

झोपायच्या खोलीत तिला बंदी केलीय (रात्रभर दाराखालून पंजा घालून गोधडीचं टोक ओढत बसते, ते वेगळंच). गालिचे काढले, हवेतले बारीक कण अडवणारा हेपा फिल्टरचा प्युरिफायर चालू असतो, लिटर बॉक्स मीच साफ करते. गोळीने बरं वाटतं, पण ती रोज घ्यायला नवरा तयार नाही. आंघोळ घालून पाहिली. फरक जेमतेम दोन दिवस टिकला, माझ्या हातावरचे ओरखडे त्याहून जास्त. केस भादरायचा सल्ला कृपया नको, ॲलर्जी केसांची नसून लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची असते.

लाळेतलं ते प्रथिन निष्प्रभ करणारं, अंड्यातला घटक असलेलं कोरडं खाणं मिळतं. ते कुणी तीन-चार आठवडे सलग दिलंय का? माऊ फक्त ओलं खाणं खाते, तिला त्यावर कसं वळवू? आणि ॲलर्जीच्या इम्युनोथेरपीची (शरीराला त्या प्रथिनाची हळूहळू सवय लावणारी) इंजेक्शनं कुणी घेतली असतील, तर फरक जाणवायला किती महिने लागले?