मदत हवी आहे: १४ दुकानांच्या १४ कॉन्फिग फाइली आहेत, सगळ्या सेटिंग्ज एका जागी कशा आणू?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. चप्पल दुकानांसाठी बिलिंगचं एक वेब ॲप चालवतो, पीएचपी आणि मायएस्क्यूएल, काम करणारा मी एकटाच, सध्या १४ दुकानं वापरतात. बाकी ॲप नीट चाललंय पण सेटिंग्जचा पार इस्कोट झालाय, नवीन दुकानाचा फोन आला की आनंद व्हायच्या आधी पोटात गोळा येतो, म्हणून विचारतोय.

आत्ता कसं आहे ते सांगतो. पहिलं दुकान एकच होतं तेव्हा सगळं एका कॉन्फिग फाइलीत लिहिलं, दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, बिल नंबराआधीची अक्षरं, प्रिंटरचा रोल ५८ एमएम का ८० एमएम, कराचा दर, एसएमएसची की (एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचा गुप्त कोड), डेटाबेसचा पासवर्ड, सगळं. दुसरं दुकान आलं, फोल्डर कॉपी केलं, फाइल बदलली, झालं. असं करत करत १४ झाल्या. मधे दुकानदारांना काही गोष्टी स्वतः बदलता याव्यात म्हणून एक सेटिंग्ज टेबल पण केलं, त्यात सेटिंगचं नाव आणि तिची व्हॅल्यू एवढे दोनच कॉलम, दोन्ही टेक्स्ट. आता काही गोष्टी फाइलीत, काही टेबलात आणि दोन-तीन दोन्हीकडं, त्यातलं नक्की कुठलं लागू होतंय ते कोड उघडल्याशिवाय मलाच सांगता येत नाही.

खरी वाट लागली २२ सप्टेंबर २०२५ ला. जीएसटीचे नवे दर त्याच दिवसापासून आणि घटस्थापना पण त्याच दिवशी, म्हणजे अंबाबाईला गर्दी, चप्पल लाईनला गर्दी. आधी १००० रुपयांपर्यंतच्या जोडाला १२ टक्के होते, आता २५०० पर्यंत ५ टक्के, म्हणजे दरही बदलला आणि मर्यादाही. रविवारी रात्री एकेका सर्व्हरवर जाऊन १४ फाइली हातानं बदलल्या. वाटलं सुटलो. पण २५ तारखेला एका दुकानात एक मावशी १८ तारखेला घेतलेली चप्पल परत घेऊन आल्या, अंगठा घासत होता. त्यांच्या बिलावर ८०० वर १२ टक्के म्हणजे ९६, एकूण ८९६. आणि माझ्या ॲपनं परतीच्या पावतीवर छापलं ८४०, कारण बिलात एकूण रक्कम सेव्ह होती पण दर नव्हता, तो आजच्या फाइलीतनं उचलला. मावशींनी दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "माझं छप्पन रुपये कुठं गेलं?" दुकानदार काकांनी गल्ल्यातनं ५६ रुपये काढून दिले आणि मला फोन लावला. ओरडले नाहीत, पण "असं किती जणांचं झालंय ते बघ" म्हणाले, ते जास्त लागलं.

त्या रात्री डोक्यात शिरलं की कराचा दर ही सेटिंगच नाही. १ जानेवारी २०२२ ला हाच दर ५ चा १२ झाला होता, आता परत ५, पुढं पण बदलणारच. म्हणून त्याचं वेगळं टेबल केलं, कुठल्या तारखेपासून, किती रकमेपर्यंत, किती टक्के, आणि बिलाच्या प्रत्येक ओळीत त्या दिवशीचा दर कायमचा लिहून ठेवायचा. एवढं झालंय आणि परती आता बरोबर येतात.

अडलोय ते बाकीच्या सेटिंग्जपाशी. टेक्स्ट कॉलमचा त्रास असा की एका दुकानाला राऊंडऑफ नको होतं, टेबलात 'फॉल्स' असा शब्द सेव्ह झाला, पण पीएचपीत रिकामी स्ट्रिंग आणि '०' सोडून कुठलीही स्ट्रिंग खरीच धरतात, त्यामुळं राऊंडऑफ चालूच राहिलं आणि हे शोधायला माझा अख्खा दिवस गेला. मग वाटलं निदान चुकीची व्हॅल्यू डेटाबेसनंच अडवावी, म्हणून रोलच्या रुंदीला चेक कन्स्ट्रेंट लावला, म्हणजे ठरलेल्या व्हॅल्यूच घ्यायचा नियम, ५८ नाहीतर ८०. काहीच अडवंना. नंतर कळलं की आमच्या सर्व्हरवर मायएस्क्यूएल ५.७ आहे, तिथं चेक लिहिलेला घेतात पण पाळत नाहीत, ८.०.१६ पासून पाळायला लागले. ५.७ चा सपोर्ट तर ऑक्टोबर २०२३ लाच संपलाय, तेव्हा अपग्रेड करणारच आहे.

आता माझ्यासमोर तीन वाटा दिसतात. एक, हेच नाव आणि व्हॅल्यूचं म्हणजे की-व्हॅल्यू टेबल ठेवून त्यात दुकानाचा आयडी आणि टाइपचा कॉलम घालायचा. दोन, दर दुकानाला एक ओळ आणि दर सेटिंगला खरा कॉलम. तीन, दर दुकानाला एक जेसन कॉलम, म्हणजे सगळ्या सेटिंग्ज एकाच कॉलमात नाव-व्हॅल्यूच्या यादीसारख्या. माझा कल दुसरीकडं आहे, कारण सेटिंग्ज मोजून २३ आहेत आणि सगळ्या दुकानांना त्याच लागतात, नवीन सेटिंग आली तर मायग्रेशन (टेबलाची रचना बदलायची स्क्रिप्ट) लिहावं लागेल पण डिफॉल्ट व्हॅल्यू आणि टाइप दोन्ही तिथंच दिसतात. कुणी असं करून पस्तावलंय का?

पासवर्ड आणि एसएमएसची की यातल्या कशातच ठेवणार नाही, त्या एन्व्हायर्नमेंटमधे, म्हणजे कोडच्या बाहेर सर्व्हरच्या सेटिंगमधे काढतोय. आधी त्या गिटमधे (कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवतं ते) गेल्या होत्या, फाइलीतनं पुसल्या तरी जुन्या हिस्टरीत राहतातच, म्हणून सगळ्या नवीन घेतल्या.

अपडेट: खाली एका ताईंनी सांगितलं ते लई कामाचं निघालं. मी की-व्हॅल्यूमधे सगळ्यांसाठीचे डिफॉल्ट ठेवायला दुकान आयडी 'नल' म्हणजे रिकामा ठेवणार होतो आणि तीच नोंद दोनदा येऊ न देणाऱ्या युनिक इंडेक्सवर विसंबून होतो, पण मायएस्क्यूएल युनिक इंडेक्समधे नल कितीही वेळा चालवून घेतं. करून बघितलं, एकाच सेटिंगचे तीन डिफॉल्ट बसले. म्हणजे पहिली वाट मी तरी सोडली.

आता एवढंच सांगा, हलवायचं कसं? दुकानं बंद ठेवता येत नाहीत. विचार असा आहे की कोडमधे सेटिंग वाचायचं एकच फंक्शन ठेवायचं, ते आधी नव्या टेबलात बघेल, दुकानाची ओळ नसेल तर जुन्या फाइलीत, आणि दर सोमवारी रात्री एकेक दुकान हलवायचं, पहिलं त्या काकांचंच, ते तयार आहेत. कुठलं दुकान अजून फाइलीतनं वाचतंय याची लॉगमधे नोंद ठेवतोय. यात काही राहतंय का? आणि कुणी कधी कुठली सेटिंग बदलली याचं वेगळं टेबल ट्रिगरनं (बदल झाला की डेटाबेस आपोआप चालवतो ते) भरू का कोडमधनं, तेही कुणी केलं असेल तर सांगा, दुकानदार आणि त्यांचा पोरगा एकाच लॉगिननं बदल करतात हा तिथला माझा मोठा प्रश्न आहे.