विषय: पुन्हा: पुन्हा: रात्री 2 वाजता भोंगा – अलार्म ठेवावा की काढावा?

प्रेषक: वहिनी (आंजर्ले)

नमस्कार अमेरिकेतल्या मंडळी (नावापुढे कंसात प्रत्येकाचं कोकणातलं गाव),
आंजर्ल्याच्या आमच्या बंद घरातला चोरांसाठीचा अलार्म काल परत वाजला. तिकडे रात्रीचे 2, इथे न्यू जर्सीत दुपारचे साडेचार. या आठवड्यातली ही पाचवी वेळ. शेजारच्या काकूंचा निरोप आलाय की यापुढे त्या उठणार नाहीत. त्यांचं काहीच चूक नाही. भर पावसात बॅटरी घेऊन पाखाडी चढायची आणि बघावं तर कुलूप जसंच्या तसं.
संच शिमग्याला बसवला तोच आहे. पुढच्या-मागच्या दाराला चुंबकाचा सेन्सर, माजघरात आणि माळ्यावर अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा एकेक सेन्सर, पडवीबाहेर भोंगा. पालीचा संशय होता म्हणून माजघरातला सेन्सर फिरवून घेतला, काही फरक नाही. गणपतीला घरचं माणूस जाणार आहे. काय करायला सांगू? का काढूनच टाकू?

प्रेषक: अण्णा (गुहागर)

वहिनी, झोन कोणता, म्हणजे पॅनेलला (अलार्मच्या मुख्य डब्याला) जोडलेल्या कोणत्या लाइनवरून अलार्म आला, ते आधी सांगा. पॅनेलच्या मेमरीत शेवटच्या अलार्मचा झोन दिसतो. मिस्त्रीने सगळे सेन्सर एकाच झोनवर ओढले असतील तर मेमरीचा काही उपयोग नाही, आणि आपल्याकडे बहुतेक तसंच करतात, कारण केबल वाचते. चार सेन्सरना चार झोन हवेत.
पाल हे खरं कारण असू शकतं, पण सेन्सर फिरवून ती जात नाही. खोलीत लांबून फिरणारी पाल सहसा त्रास देत नाही. ती थेट भिंगावरून गेली की मात्र सेन्सरला माणसाएवढी दिसते. आत लुकलुकणारा लाल दिवा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढून बंद करा, त्याला किडे येतात आणि किड्यांमागे पाल. केबल आत शिरते ते भोक सिलिकॉनने बुजवा, नाहीतर मुंग्या आत घर करतात. पल्स काउंटचा (किती हालचाली टिपल्यावर अलार्म द्यायचा त्याचा) जंपर 1 वर असेल तर 2 वर न्या. उंची सव्वादोन मीटर ठेवा. काचेच्या कौलातून येणारा उन्हाचा कवडसा सेन्सरसमोर पडता कामा नये. ढग सरकला की तेवढीच जमीन एकदम तापते आणि त्याला वाटतं कोणीतरी हललं. अर्थात रात्री 2 ला कवडसा नाही, ते दिवसाच्या अलार्मसाठी सांगितलं.

प्रेषक: दादा (मालवण)

हा सगळा वायरीचा व्याप कशाला? इथून वायरलेस संच न्या, बॅटरीवर दोन-तीन वर्षं चालतो. इथे मॉनिटरिंगवाले फोन करतात, पोलीस येतात, तिकडे निदान मोबाइलवर तरी कळेल.

प्रेषक: अण्णा (गुहागर)

दादा, इथला संच तिकडे नेऊ नका. इथले बरेच सेन्सर 345 किंवा 915 मेगाहर्ट्झवर बोलतात. भारतात विनापरवाना वापरायला 865 ते 868 चा पट्टा आहे, 915 तिकडे चालत नाही. अडॅप्टरवर 100-240 व्होल्ट लिहिलेलं नसेल तर तो 230 वर लगेच जळेल. शिवाय दीड फुटी जांभ्याच्या भिंतीपलीकडे या सेन्सरचा सिग्नल जेमतेम पोचतो.
पोलिसांचं म्हणाल तर इथेही तसं सरसकट राहिलेलं नाही. सॉल्ट लेक सिटीने 2000 सालीच ठरवलं की घुसखोरीची कोणीतरी खात्री केल्याशिवाय गाडी पाठवायची नाही, कारण खोटे अलार्म फार. तिकडे 112 हा नंबर भारतातूनच लावायचा. तुमच्या ठाण्याचा लँडलाइन नंबर एसटीडी कोडसकट फोनमध्ये ठेवा.

प्रेषक: माई (वेंगुर्ले)

मी स्पष्ट लिहिते. शेजारी पाच-दहा मिनिटांत पोचणार असेल तर अलार्म ठेवा. तसं माणूस नसेल तर ते पैसे दारात आणि कौलात घाला. भोंग्याने चोर बिचकतो, थांबत नाही.
मागच्या दाराला आतून आडणा (आडवा दांडा) घालता येतो, पण ज्या दाराने आपण शेवटी बाहेर पडतो त्याला नाही. म्हणजे सगळी मदार त्या एका दारावर. तिथला कोयंडा स्क्रूने बसवलेला असतो, पहारीने एका झटक्यात निघतो. 10 मिलीमीटरचे आरपार बोल्ट टाका, नट आतल्या बाजूला, मागे लोखंडी पट्टी. बाहेर लोंबणारं कुलूप घर बंद असल्याची दवंडी पिटतं, त्यापेक्षा दारात बसणारं कुलूप बरं.
आणि कौलं! मागच्या पाखीची (छपराच्या उतरत्या बाजूची) चार कौलं काढली की माणूस माळ्यावर, दाराचं चुंबक गप्प. रिपांखाली दोन इंची चौकड्यांची वेल्डेड जाळी वाशांना ठोका. वानरांनी कौलं सरकवली तरी जाळी राहते.

प्रेषक: अण्णा (गुहागर)

माईंचं जाळीचं बरोबर, पण म्हणूनच माळ्याचा सेन्सर काढायचा नाही. जाळी कापायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्या वेळात कोणाला तरी कळायला हवं. मात्र मे महिन्यात दुपारी माळा 37 अंशांच्या आसपास तापला की तो सेन्सर आंधळा होतो, माणसाचं अंग आणि भिंत त्याला सारखीच दिसतात. तिथे उष्णतेबरोबर मायक्रोवेव्ह लहरींनीही हालचाल टिपणारा दुहेरी सेन्सर लावा.

प्रेषक: बापू (देवगड)

बॅटरीचा विषय कोणी काढलाच नाही. 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची असते. पॅनेल आणि डायलर (अलार्म झाला की सिमवरून फोन लावणारं यंत्र) मिळून 120 मिलीअँपिअर आणि चार सेन्सर 60 धरले तर हिशेबाने 39 तास, जुन्या बॅटरीत 30 पण नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धन पट्ट्यात वीज किती दिवस नव्हती ते आठवा. 26 अँपिअर-अवरची टाकली तर चार-पाच दिवस निघतात, पण पॅनेलचा चार्जर अर्धा अँपिअरचा असेल तर ती भरायलाच अडीच दिवस लागतील. वेगळा चार्जर घ्या, 13.6 ते 13.8 व्होल्टवर लावलेला. टर्मिनलला व्हॅसलीन. तीन वर्षांनी बॅटरी बदला, चालत असली तरी.
सिम बघा. जिओचं सिम जुन्या 2जी डायलरमध्ये चालतच नाही. रिचार्ज संपलं की अलार्म मुका, आणि हे कुणालाही कळत नाही. डायलरमध्ये पहिला नंबर शेजाऱ्याचा, दुसरा वाडीतल्या दुसऱ्या माणसाचा, आपला परदेशचा शेवटी.

प्रेषक: सेक्रेटरी

सर्वांना विनंती, गणपतीला जाणाऱ्यांच्या हाती पाठवायच्या सामानाची यादी माझ्याकडेच द्या. मागच्या वेळी दोघांनी परस्पर एकाच्याच बॅगेत सामान दिलं आणि वजनावरून घोळ झाला. सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत नकोत, कृपया.

प्रेषक: वहिनी (आंजर्ले)

अण्णा, चारही सेन्सर एकाच झोनवर आहेत. आपण फोनवर सांगितलंत तसं वायरमनने झोनच्या दोन वायरी पॅनेलमधून सोडवून मीटर लावला. लाइन शाबूत आहे हे पॅनेलला कळावं म्हणून लावलेला रेझिस्टर 2.2 किलोओहमचा आहे, मीटर दाखवतो 6 ते 9, आणि केबल हलवली की आकडा उडतो. म्हणजे काय?

प्रेषक: अण्णा (गुहागर)

म्हणजे सापडलं. पाल नाही, दार नाही. 2.2 च्या वर फार तर थोडे ओहम यायला हवे होते. मध्ये कुठेतरी जोड कुजलाय. पावसाने दमट झाला की विरोध वाढतो, पॅनेलला वाटतं दार उघडलं, आणि भोंगा. रात्री सरी जोरात येतात, म्हणून रात्रीच.
माळ्यावर कोनवाशाखाली बघायला सांगा. दोन पाखी मिळतात तिथेच आधी गळतं. काळी टेप गुंडाळलेला जोड असेल. टेप सोडली की तांब्यावर हिरवी पूड दिसेल आणि तारेचे केस बोटाने तुटतील. तो भाग वीतभर मागेपर्यंत कापा, आतही तार काळी पडलेली असते. चकचकीत तांबं लागल्यावर सोल्डरचा डाग देऊन वर हीट-श्रिंक नळी, नाहीतर टेलिफोनवाले वापरतात ते जेलीचे कनेक्टर. जोड खाली तोंड करून, केबलला पाण्यासाठी लोंबता वळसा. रेझिस्टर पॅनेलच्या डब्यात असेल तर काढून शेवटच्या सेन्सरपाशी न्या, नाहीतर मध्ये कोणी वायरी जोडून टाकल्या तर पॅनेलला पत्ता लागणार नाही. पॅनेलला मोकळे झोन असतील तर त्याच वेळी चारही वेगळे करून घ्या, चार तारांची जादा केबल साधारण 40 मीटर लागेल.
तोवर भोंग्याची वायर काढून ठेवा, डायलर चालू राहू दे. काकूंना फोन करून तसं सांगा, आणि त्यांचा नंबर सध्या यादीतून काढा. जोड झाला, एक पाऊस पडून गेला आणि मीटर 2.2 वर स्थिर राहिला की मग परत घाला.

प्रेषक: माई (वेंगुर्ले)

वायरमन माळ्यावर चढतोच आहे तर मागच्या पाखीचं माप घेऊन ठेवायला सांग. जाळीचा रुंद रोल घेतलास तर वाशांवर जोड कमी येतात.